पोटाला लावलेलं नरसाळं

गिरणीवाल्याला सगळे कानदादा म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. गिरणी धडाडत असताना शेजारच्या माणसाची आरोळी कानावर पडत नाही. तिथे याला पट्ट्याची कड उसवायला लागलेली ऐकू यायची. दळण घेऊन आलेली माणसं गप्पा मारत असायची. हा मध्येच बोट वर करून "थांबा" म्हणायचा आणि मान वाकडी करून यंत्राकडे असा बघायचा, जणू ते त्याच्यापाशी कुणाची तरी चहाडी करतंय. मग कोपऱ्यातला लाकडी दांडा उचलायचा. एक टोक बेअरिंगला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. क्षणभर डोळे मिटायचे. "वंगण मागतेय." किंवा, "दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायची वेळ झाली." त्याचा अंदाज कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. निदान त्याला स्वतःला तरी नव्हतं.

बेकरीवाला पिठाची पोती न्यायला गाडी घेऊन यायचा. तो खाली उतरायच्या आतच कानदादा आतून ओरडायचा, "पुढचं डावं चाक बघून घे!"

"अरे, आधी ये, बस तरी म्हण! माझं चाक काय माझ्याआधी तुझ्याशी बोलतं?"

"तुझ्यापेक्षा खरं बोलतं."

हा कान त्याला बापाच्या कानांच्या बदल्यात मिळाला होता. आबांनी उभा जन्म त्या धडधडीत काढला आणि धडधडीनं त्यांचे कान खाऊन टाकले. कानदादाला मिसरूड फुटायच्या आत आबांना मोटरचा आवाजही ऐकू येईनासा झाला. मग बाप यंत्रावर आणि पोरगा शेजारी, अशी जोडी जमली. पोरानं ऐकायचं आणि हाताच्या खुणेनं बापाला सांगायचं. मूठ उघडमीट केली की पट्टा सैल. दोन बोटं एकमेकांवर घासली की दगड कोरडा फिरतोय. घरात दोघांचे मिळून दोन कान, ते पोराच्या डोक्याला लावलेले. असं ज्याचं लहानपण गेलं, त्याला मोठेपणी आपल्या कानाबद्दल जरा जास्तच वाटू लागलं तर त्यात नवल नाही.

आबा आता दाराजवळच्या बाकावर बसून असायचे. पाठ भिंतीला, उजवा तळवाही भिंतीला. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला आधार लागतो.

कानदादाची बायको वजनकाट्यावर बसायची. उंच, खांदे रुंद, हसली की गिरणीच्या आवाजावरही ऐकू जाणारी. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मध्ये एकदा दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं हातातून निसटलं होतं. त्याबद्दल दोघं बोलत नसत. या खेपेला दिवस भरत आले, तेव्हा कुठे तिनं लोकांसमोर पोटावर हात ठेवायला सुरुवात केली. बाळ हललं की ती त्याला दटावायची, "ए, हळू! भिंत पाडशील." हे दटावणं म्हणजे तिचा दिवसातला सगळ्यात मोठा आनंद होता.

एकदा दुपारी जेवणासाठी गिरणी बंद केली आणि आवाज गेल्यावर जी मोठी पोकळी होते, त्या पोकळीत ती म्हणाली, "अहो, आज हे फार गप्प आहे."

"कोण?"

"कोण काय? हे." तिनं पोटाकडे बोट केलं. "गिरणी चालू असली की बाळ हललं की जमीन हलली, कळतच नाही. पण आता शांत आहे ना, तरी नाही. सकाळपासून नेहमीसारखं नाही."

शिवणवाल्या मावशी पिठाची पिशवी बांधत होत्या. चार पोरांची आई, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. "अगं, शेवटच्या महिन्यात पोरं गप्पच होतात. आत जागा कुठे उरते हातपाय मारायला? माझा थोरला शेवटी शेवटी असा गप्प होता, म्हटलं मुका निघतो की काय. आता बघ, गप्प बसवून दाखव त्याला!"

सगळे हसले. तीही हसली, पण तिचा हात पोटावरून निघाला नाही. कानदादानं ते पाहिलं. आणि त्याला आयुष्यात जे येत होतं, ते त्यानं केलं. पिशव्यांत पीठ भरायचं पत्र्याचं मोठं नरसाळं होतं, ते सदऱ्याला पुसलं, रुंद तोंड बायकोच्या पोटावर ठेवलं आणि निमुळतं तोंड कानाला.

"गार आहे हो!"

"श्श."

मावशींनी श्वास रोखला. बेकरीवाला पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. कानदादानं डोळे मिटले. आधी पोटातली गुडगुड. मग तिच्याखाली, खोल, संथ, ठाम: धप्… धप्… धप्…

"चालू आहे!" तो म्हणाला. "ठणठणीत. ठोका चुकत नाही."

मावशी म्हणाल्या, "झालं, कानदादानं सांगितलं, आता डॉक्टर कशाला?" बेकरीवाल्यानं पोतं खाली ठेवून त्याच्या पाठीत थाप मारली. बायकोचाही त्याच्या कानावर विश्वास होताच. घरचा फ्रीज बंद पडायच्या आधी त्यानंच त्याची बातमी दिली होती. तिनं काहीतरी गोड खाल्लं, वर गार पाणी घेतलं आणि ती मागच्या खोलीत जाऊन आडवी झाली. गिरणी पुन्हा सुरू झाली.

बऱ्याच वेळानं ती उठून बाहेर आली, ती काट्याकडे न जाता आबांकडे गेली. आबांना ओठांवरचं वाचता यायचं. तिनं काहीतरी सांगितलं. आबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "बंद कर ती!"

कानदादानं गिरणी बंद केली. "अहो आबा, मी ऐकलंय. ठोके नीट आहेत."

"काय?"

त्यानं छातीवर मूठ आपटून दाखवली. धप्, धप्.

"ते तुझ्या कानाचं झालं," आबा म्हणाले. "मला तुझा तो पत्रा दिलास तर मला काय ऐकू येणार? घंटा! पण पट्टा सैल झाला की तुझ्या कानाआधी माझ्या तळव्याला कळतं. मी सांगत नाही, तुझा हिरमोड होतो म्हणून. का कळतं? माझा हात भिंतीला लागलेला आहे. ते पोर हिच्या आतड्याला लागलेलं आहे. ती म्हणते बदललंय, तर बदललंय. तू मध्ये नरसाळं कशाला घालतोस?"

आपल्या कानाआधी बापाचा तळवा, ही बातमी कानदादाला नवीन होती. पण तिच्यावर रुसायला वेळ नव्हता. बेकरीवाल्यानं गाडी दाराशी आणली. बायको पुढे बसली, कानदादा मागे पोत्यांवर. पुढचं डावं चाक रस्ताभर कुरकुरत होतं आणि पहिल्यांदाच त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

प्रसूतिगृह लहानसंच होतं. हिरवा बाक, पायाखाली थंड फरशी, फिनेलचा वास. सिस्टर ठेंगणी, मनगटावर बाह्या दुमडलेल्या, बोलणं असं की शेजारीण कुंपणावरून बोलतेय. तिनं पहिला प्रश्न कानदादाला नाही, त्याच्या बायकोला विचारला.

"ताई, तुम्हाला काय जाणवतंय?"

"कमी झालंय. अगदी थांबलं नाही, पण… त्याचं नेहमीचं नाही."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग सकाळीच यायचं ना."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ते तिचं मोठेपण. पण तिनं असं झाकून घेणं त्याला पचेना. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "नरसाळं लावून. ठोके चांगले होते, म्हणून…"

सिस्टरनं त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांत पीठ, भुवयांवर पीठ. मग तिनं त्याच्या बायकोच्या पोटावर दोन पट्टे बांधले, यंत्राचं बटण दाबलं आणि आवाज वाढवला.

टपटप टपटप टपटप टपटप. दुडक्या चालीनं एखादं शिंगरू पळत सुटावं तसं. कानदादा उठून उभाच राहिला.

"हे काय? इतकं जोरात? मी ऐकलं ते तर संथ होतं. धप्… धप्…"

"ताईंचं मनगट धरा."

त्यानं धरलं. धप्… धप्… धप्…

"दादा," सिस्टर म्हणाली, "तुम्ही बायकोची नाडी ऐकलीत आणि बाळाला पास करून टाकलंत."

अख्ख्या जन्मात त्याचा कान एवढा कुणी पिळला नव्हता. बायको आधी ओठ दाबून होती; मग ते शिंगरू पळतंय तोवर तिचं हसू असं फुटलं की पट्टे सरकले आणि सिस्टरला ते पुन्हा बांधावे लागले.

"लाजू नका," सिस्टर म्हणाली. "लोक ठोके ऐकायची यंत्रं घरी विकत आणतात, त्यांचंही हेच होतं. आईची नाडी ऐकतात, नाळ जिथे जोडलेली त्या वारेतून वाहणारं रक्त ऐकतात आणि निश्चिंत झोपतात. आणि समजा, ऐकला तो ठोका बाळाचा असता, तरी त्यानं एवढंच कळलं असतं की या घडीला हृदय चालू आहे. बाळाला त्रास होत असेल तर बऱ्याचदा ते आधी हालचाल कमी करतं. ती कळते फक्त यांना."

"पण शेवटी शेवटी जागा कमी पडते ना?" बायकोनं विचारलं. "मावशी म्हणाल्या, बाळ गप्प होतं."

"हालचालीची तऱ्हा बदलू शकते. लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं वाटेल. पण हालचाल कमी होत नाही, अगदी कळा सुरू झाल्या तरी नाही. आणि दिवसाला इतक्याच लाथा असा काही नियम नाही हं. प्रत्येक बाळाची आपली चाल असते. तुमच्या बाळाची तुम्हाला ठाऊक आहे. ती बदलली की फोन करायचा आणि यायचं. गोड खाऊन बघू, गार पाणी पिऊन बघू, उद्या बघू, यातलं काही नाही. आणि झोपताना कुशीवर झोपा. जाग आली आणि उताणे सापडलात तर घाबरू नका, वळा आणि पुन्हा झोपा."

यंत्रातून निघालेला कागद सिस्टरनं निरखून पाहिला, डॉक्टरीणबाईंनाही दाखवला. सगळं ठीक होतं. शिंगरू आपल्या चालीनं पळत होतं, आणि तेवढ्यात आतून एक अशी लाथ बसली की पट्टा उडाला.

"ए, हळू!" बायको म्हणाली आणि रडायलाच लागली.

कानदादाचा जीव भांड्यात पडला. निघताना सिस्टर दारापर्यंत आली. "पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा या. दहादा या. आम्ही इथे त्यासाठीच बसलोय. आणि दादा, नरसाळं पिठालाच बरं."

घरी आल्यावर त्यानं बायकोची खुर्ची काट्यापासून उचलली आणि मागच्या खोलीत, खिडकीशी ठेवली. तिथे जमीन तेवढी हादरत नसे, बाळाचं बाळाला आणि गिरणीचं गिरणीला राहत असे. मधलं दार उघडंच ठेवलं. काट्यावर आबा बसले. आबांना गिऱ्हाइकाची कुरकुर ऐकू येत नसल्यामुळे काट्यावरची घासाघीस त्या दिवसापासून बंद झाली.

पण लोक ते लोकच. नाडीची गोष्ट बेकरीवाल्याच्या गाडीतून पावाबरोबर घरोघर पोचली. "कानदादा, माझ्या मनगटाला जरा कान लावून बघ, मुलगा की मुलगी?" हे त्यानं हसून घेतलं. शिवणवाल्या मावशी मात्र आत डोकावून बायकोलाच म्हणायच्या, "काय गं, आज हललं ना? की काढायची गाडी? आमच्या वेळी बाई, अशी चैन नव्हती." त्यात वाईट हेतू नव्हता. पण पिठात खडा एकच असला तरी दाताखाली यायचा तो येतोच.

त्यानंतर एका सकाळी गिरणीला उसंत नव्हती. दारात पिशव्यांची रांग, वरच्या डब्यात गहू काठोकाठ, दगड रंगात आलेला. कानदादा नेहमीसारखा ऐकत होता. मोटर नीट, पट्टा नीट, बेअरिंग नीट. तरी काहीतरी कमी होतं. त्यानं दांडा घेतला, इथे टेकवला, तिथे टेकवला. यंत्रात खोट नव्हती. वंगणाचा डबा उचलला, परत ठेवला. आणि मग त्याला कळलं की जे ऐकू येत नव्हतं ते यंत्राचं नव्हतंच. मधल्या दारातून, या सगळ्या धडधडीवरून, रोज त्याच्या कानापर्यंत येणारं "ए, हळू!" आज सकाळपासून एकदाही आलं नव्हतं.

तो आत गेला. ती खिडकीशी बसली होती, दोन्ही हात पोटावर, डोळे रस्त्याकडे.

"काय गं?"

"काही नाही."

त्यानं खाली बसून तिच्या तोंडाकडे पाहिलं. नरसाळं बाहेर खुंटीला होतं. त्याची त्याला आठवणही झाली नाही.

"तुला काय जाणवतंय?"

तिनं नजर रस्त्यावरून त्याच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "मागच्यासारखंच. पण मागे काही निघालं नव्हतं. परत गेलो आणि परत काही नसलं, तर हसतील हो. मावशी तर आयुष्यभर पुरवतील."

"हसू देत. मागे हसले तेव्हा आपणही हसत घरी आलो होतो. पुन्हा हसत येऊ."

तो बाहेर आला आणि त्यानं बटण बंद केलं. डबा भरलेला, गहू अर्धा दगडात, अर्धा वर. गिरणीवाला असं कधी करत नाही. दगडात दळण अडकवून ठेवणं म्हणजे घास तोंडात असताना ताटावरून उठणं. रांगेतून ओरडा झाला. "अहो, माझं दळण मध्येच अडकलंय!"

"अडकू दे," कानदादा म्हणाला. "आबा, बघा इथलं."

 आबांचा तळवा भिंतीवरच होता. गिरणी दळता दळता थांबली याचा अर्थ त्यांना समजला होता. त्यांनी हातानंच खूण केली: जा, पळा. बेकरीवाल्यानं पुन्हा गाडी काढली.

सिस्टर हसली नाही. "बरं केलंत," एवढंच म्हणाली आणि पट्टे बांधले. शिंगरू होतं, पण आज त्याच्या चालीत उमेद नव्हती. कानदादाला ते ऐकू आलं आणि तो एक अक्षर बोलला नाही. बोलणारी माणसं तिथे होती. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, मग खुर्ची ओढून बायकोच्या समोर बसल्या.

"बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय आणि वाढही थोडी मंदावली आहे. आज लगेच घाबरण्यासारखं नाही, पण थांबून फायदाही दिसत नाही. दिवस भरत आलेत. माझ्या मते आजच औषधानं कळा सुरू कराव्यात. वेळ लागेल, कदाचित उद्या उजाडेल. कळा जरा जास्त तीव्र वाटू शकतात. बाळाचे ठोके सतत बघत राहू, आणि त्याला झेपत नाही असं दिसलं तर शस्त्रक्रिया करावी लागेल. थांबायचं म्हटलंत तर रोज तपासायला यावं लागेल, आणि त्यातला धोका मला जास्त वाटतो. विचारायचं ते विचारा. ठरवायचं तुम्ही."

बायकोनं विचारायचं ते सगळं विचारलं. दुखणं कमी करायला काय मिळेल, हिंडता-फिरता येईल का, हे जवळ राहतील ना. सगळ्यांची उत्तरं मिळाली. मग ती म्हणाली, "सुरू करा."

खरोखरच दुसरा दिवस उजाडला. तोवर कानदादानं बायकोची कंबर इतकी चोळली की आयुष्यभर पोती उचलून न दुखलेली मनगटं दुखू लागली. ती उभी राहून खिडकीच्या कठड्यावर रेलायची, कधी गुडघ्यांवर ओणवी व्हायची. सिस्टर म्हणायची, "जसं बरं वाटेल तसं. उताणं पडलंच पाहिजे असा कुठे कायदा आहे?" मधूनच बायको दात खाऊन म्हणायची, "अहो, हळू! भिंत पाडाल!" आणि कळेतसुद्धा तिघं हसायची.

दुपारच्या उन्हात बाळ बाहेर आलं आणि खोलीत शांतता पसरली.

आवाज बंद पडणं याहून वाईट आवाज गिरणीवाल्याला ठाऊक नसतो. सिस्टर मऊ फडक्यानं बाळाची पाठ चोळत होती. कानदादाला आपल्याच छातीतली धपधप ऐकू आली, आणि या खेपेला ती कुणाची आहे याबद्दल त्याचा गैरसमज नव्हता.

मग आधी एक चिरक, गंजक्या बिजागरीसारखी. मग दुसरी. आणि मग जो टाहो फुटला, त्यानं बाहेरच्या बाकावरचा बेकरीवाला उठून उभा राहिला.

"मुलगी आहे," सिस्टर म्हणाली आणि लेक तशीच ओली आईच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून उबदार पांघरूण घातलं. कानदादानं नाळेकडे बोट केलं. "घाई नको," ती म्हणाली. "अजून ठोके आहेत नाळेत. रडतेय छान, तर थोडं थांबू, वारेतलं रक्त तिचंच आहे, तिला मिळू दे." त्यानं बोटाच्या टोकानं नाळेला हळूच स्पर्श केला. ऐकायचा मोह झाला नाही. बोटाला कळत होतं.

लेक चणीनं लहान होती, पण गुलाबी आणि तापट. बायको तिच्या टाळूवर ओठ टेकवून म्हणत होती, "ए, हळू. ए, हळू गं."

घरी आल्यावर पहिलं पाऊल गिरणीतच पडलं, कारण घराचा रस्ताच तिच्यातून होता. शिवणवाल्या मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी बाळाला पाहिलं, डोळे पुसले आणि बायकोच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "माझी धाकटी सून आहे ना, तिला सातवा चालू आहे. काय काय विचारलंस गं तिथे, सांग जरा नीट." मग मोठ्यानं, "पण जोरात रडते हो! बापाचे कान, आजोबांचा आवाज."

कानदादानं बाळाला आबांपुढे धरलं. लेक तार स्वरात रडत होती. आबांनी ओठ हललेले पाहिले, चेहरा लाल झालेला पाहिला. मग भिंतीवरचा तळवा काढून पिठानं पांढरा झालेला तो हात धोतराला नीट पुसला आणि नातीच्या पाठीवर अलगद टेकवला. डोळे मिटले. रडण्याच्या प्रत्येक उमाळ्याबरोबर तो म्हातारा हात वरखाली होत होता.

"काय म्हणतेय?" कानदादानं विचारलं, आबांना ऐकू येणार नाही हे ठाऊक असूनही.

"चालू आहे," आबा अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले. "आता जा, त्या माणसाचं दळण काढ. तीन दिवस दगडात अडकवून ठेवलंयस!"